अन् माझी बी असंल तर

फ्रिजची दृष्ट काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि फ्रिज आमचाच होता.

सेलूला बदली होऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. टेम्पोतून फ्रिज उतरला तेव्हा अर्धी गल्ली बघायला उभी होती. वर चढवला, सुरू केला, आणि तासाभरात तो म्हाताऱ्या बैलासारखा घुरघुरायला लागला. मी दुकानदाराला फोन लावतोय तोवर खालून घरमालकीण जिना चढून आल्या. एका मुठीत मीठ-मोहरी, दुसरीत लाल मिरच्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फ्रिजसमोर उभ्या राहिल्या आणि लेकराला ओवाळावं तशा दोन्ही मुठी त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला लागल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "सर, दार उघडा त्याचं."

"दार कशाला, मावशी?"

"आतून काढाया नको का? लोकायनं आत बी डोकावून बगितलंय."

मी दार उघडलं. आतला दिवा लागला. मावशींनी भाजीच्या कप्प्यापर्यंत वाकून दृष्ट काढली आणि मुठी तशाच मिटून खाली चुलीकडे निघून गेल्या. संध्याकाळी घुरघुर थांबली. बायकोचं म्हणणं, तिनं मागच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली म्हणून थांबली. मावशींचं म्हणणं, चुलीत मिरच्या जळाल्या अन् ठसका म्हणून आला नाही, म्हणजे केवढी दृष्ट लागली असेल बघा. मी दोघींना बरोबर ठरवलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नवऱ्याला दुसरं काय करता येतं?

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, मीही तेच म्हणतो. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता, तो गेल्यावर खालच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मुलगा पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात. वरच्या खोल्या आमच्याकडे. भाडेकरू घेताना त्यांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "मीठ हातात देता का कुणाच्या?" मी नाही म्हणालो. खरं तर मला प्रश्नच कळला नव्हता. पण उत्तर बरोबर निघालं आणि किल्ली मिळाली.

पुढं कळलं की त्या घरात प्रत्येक वस्तूला कायदा होता. मीठ हातावर द्यायचं नाही, खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. कात्री रिकामी वाजवायची नाही. मळलेली कणीक गुळगुळीत गोळा करून झाकायची नाही, तिच्यावर बोटं उमटवायची, कारण नुसता गोळा पिंडासारखा दिसतो. उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं नाही. एक तर आत या, नाही तर बाहेर जा. माझी बायको शास्त्र शिकलेली, तिनं पहिल्या आठवड्यात वाद घातला. दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात गेलो तर कणकेवर चार बोटं उमटलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"चांगलं दिसतं," ती म्हणाली आणि ताटली झाकली.

एकदा माझे एक चुलतमेहुणे आले ते उठेचनात. आठ दिवस झाले. दिवसभर पलंगावर पाय पसरून मला राजकारण शिकवायचे. मी खाली जाऊन मावशींपुढं रडलो. त्या वर आल्या, दाराआड आमचीच केरसुणी उलटी उभी केली, तिच्या टोकाशी चिमूटभर मीठ ठेवलं आणि मला खूण केली. मग पलंगाजवळ जाऊन मेहुण्यांना गोड आवाजात म्हणाल्या, "पाव्हनं, नळाला आता पाच दिस पाणी न्हाई येत. तुमी रोज आंगोळ करता का?"

मेहुणे दुपारच्या गाडीनं गेले.

"मावशी, केरसुणीनं गेले का पाण्यानं गेले?"

"केरसुणीनंच. पन तिला बी कुनीतरी मागून ढकलाया लागतं."

तर अशी ही बाई. गल्लीत कुठलंही लेकरू किरकिर करू लागलं की आधी मावशींकडे यायचं, मग डॉक्टरकडे. त्याच उलट सांगायच्या, "आंग तापलंय तर दवाखान्यात न्या आदी. माझी मिरची तापाची न्हाई, नजरंची हाय." कुणाच्या घरी दृष्ट काढली की तिथं चहा घेत नसत, बसत नसत, मागं वळून बघत नसत. काम झालं की मिटल्या मुठी घेऊन सरळ निघायचं. रस्त्यात मुख्याध्यापक भेटले तरी बोलायचं नाही. आमचे मुख्याध्यापक एकदा तीन वेळा नमस्कार करून शेवटी रागावले होते.

आता खरी गोष्ट. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडली. मावशी आल्या. तिला उंबऱ्याच्या आत पाटावर बसवलं आणि पुटपुटायला लागल्या. मी नीट कान दिला. प्रत्येक बाईचं पुटपुटणं थोडं वेगळं असतं. मावशींचं असं होतं:

"आल्याची, गेल्याची, शेजाऱ्याची, पाजाऱ्याची, रस्त्यानं जात्या माणसाची, आईची, बापाची, अन् माझी बी असंल तर माझी, समदी जळून जाऊ दे."

मी दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना गाठलं. "मावशी, सगळ्यांची नावं घेतली ते ठीक. पण तुमची स्वतःची कशाला?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, जे आवडत न्हाई त्याला कुनाची बी नजर लागत न्हाई. आवडलं तरच लागती. तुमची लेक मला आवडती. मग मी कामून बाजूला ऱ्हाऊ? दुसऱ्याची नावं घ्यायची अन् आपलं तेवढं लपवायचं, ही चोरी झाली की."

मी त्या वाक्यावर खूष झालो. पण मी दुपारी शाळेत काय केलं ते ऐका.

मधल्या सुट्टीत मी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला, खडूचे तुकडे मुठीत धरले आणि शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाची दृष्ट काढली. सगळी यादी म्हटली. आल्याची, गेल्याची. मुख्याध्यापकांची, विस्तार अधिकाऱ्यांची. मग थांबलो. डोळे गरगरा फिरवले, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणालो, "अन्... माझी बी!" लोक टेबलावर हात आपटून हसले. एक बाई चहा नाकात जाऊन बाहेर पळाल्या. माणसाला असं यश एकदा मिळालं की तो सुधरत नाही. मी ते घरी पाहुण्यांपुढं केलं, गणपतीत केलं, सहलीत केलं, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पेडगावला वऱ्हाडासमोर केलं. दर वेळी थोडं रंगवत गेलो. डोळे जास्त फिरू लागले. आवाज जास्त घोगरा झाला. नंतर नंतर तर मी त्यात एक बारीक हसूही घातलं, जे मावशी कधी हसल्या नव्हत्या.

आणि "आवडलं तरच लागती" हे मी कधीच म्हटलं नाही. पहिल्या दिवशी एकदा म्हणून बघितलं होतं. तिथं लोक हसायचे थांबले. म्हणून गाळलं.

बायको एकदा म्हणाली, "त्या खाली राहतात. ऐकू जात असेल."

मी म्हणालो, "मी प्रेमानं करतो."

गेल्या वर्षी मावशींची सून बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर वालूरचं. मुलगा झाला. लग्नानंतर सात वर्षांनी झाला, त्यामुळं मावशींनी काय काय केलं नसेल? जुनं मऊ लुगडं फाडून दुपटी शिवली. कुंची शिवली. सुती कापडाची एवढीशी गोधडी शिवली आणि तिच्या कोपऱ्यात उलटा टाका घातला, म्हणजे काम परिपूर्ण दिसणार नाही आणि कुणाची नजर बसणार नाही. पाचवीला त्या वालूरला जाऊन आल्या. आल्या त्या थेट वर आमच्याकडे. मी त्यांना कधी उंबऱ्यावर थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उंबऱ्यावरच उभ्या राहून बोलत सुटल्या.

"मांडीवर घेतलं बगा. एवढा एवढा पंजा. बोट धरलं तर सोडंनाच. दृष्ट काढून आले शिस्तीत. समद्यायची काढली. माझी तर दोनदा काढली."

दोन दिवसांनी बाळाला ताप आला. अंगावर पिईना. परभणीला नेलं, काचेच्या पेटीत ठेवलं. मावशी दवाखान्यात जायला निघाल्या तेव्हा मुलाचा फोन आला की गर्दी नको, डॉक्टर रागावतात. त्या घरीच थांबल्या. दीड आठवड्यानं बाळ बरं होऊन वालूरला परत गेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. बाळ आज ठणठणीत आहे.

बारशाच्या चार दिवस आधी पुन्हा मुलाचा फोन आला. मावशी मोबाईल घेऊन जिना चढून आल्या आणि तो माझ्या हातात दिला. "सर, तुमी बोला. ह्यो म्हनायलाय, बारशाला येऊ नको. कामून ते सांगंना. तुमी शिकलेले हाव, समजावून सांगा त्याला."

मी फोन घेतला आणि शिक्षकी आवाज लावला. "अरे, आजीशिवाय बारसं होतं का कुठं?"

पलीकडून तो म्हणाला, "सर, आई जवळ हाय का?"

"आहे."

"मग भाईर जाऊन बोला."

मी गच्चीत गेलो. तो म्हणाला, "सासरच्यायनं व्हिडिओ बगितलाय. पेडगावच्या लग्नातला. माझ्या मेव्हण्याच्या मोबाईलवर आला. त्यात तुमी सेलूच्या आमच्या घरमालकीण म्हणून आईची नक्कल करायलाव. माझी बी, माझी बी म्हणून. ते म्हनायलेत, बाई सोताच्या तोंडानं कबूल करती की तिची नजर लागती. अन् पाचवीला तिथं बी तसंच म्हनली. समद्या बायकायनं आयकलं. दोन दिसात पोरगं आजारी. आता मी काय सांगू त्यायला, सर?"

मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. जिनिंगकडून सरकीचा वास येत होता आणि खाली मावशी जिन्याशी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

बायकोला सांगितलं. तिनं भांडं खाली ठेवलं. "मग आता वालूरला जा. तिथं जाऊन खरं सांगा. एवढ्या ठिकाणी नाटक केलंय, एका ठिकाणी खरं बोला."

बारशाच्या दिवशी मी मावशींना मोटारसायकलवर मागं बसवून निघालो. मुलाला कळवलं नव्हतं. मावशींनी मांडीवर कुंचीची पिशवी धरली होती. वाटेत मी त्यांना सांगून टाकलं. व्हिडिओ, पेडगाव, सगळं. समोर बघत, गाडी चालवत सांगितलं. तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

मग मागून आवाज आला, "तुमी नक्कल करता ते मला मालूम हाय, सर. जिन्यातून आयकलंय म्या. मला वाटायचं, सर आपलं कौतुक करायलेत."

वालूरला दारात मांडव होता. विहीणबाई पुढं आल्या. माणसं सभ्य होती, हे मी लिहून ठेवतो. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. मुलगा आईला बघून पाया पडला आणि आत निघून गेला. विहीणबाई म्हणाल्या, "या सर, आत या. ईहीनबाई, तुमी भाईरच बसा. आत लय गर्मी हाय." लिंबाखाली बाजेवर त्यांना बसवलं. पाणी दिलं. पाण्याचा तांब्या बाजेवर ठेवला, त्यांच्या हातात दिला नाही.

आत मांडवात मी पुरुषांमध्ये बसलो आणि बोलायला सुरुवात केली. म्हणालो, त्या व्हिडिओत अर्धीच गोष्ट आहे. पुढं आणखी एक वाक्य आहे, ते मी गाळलंय. त्या बाईंचं म्हणणं असं की...

मावशींच्या मुलाचा मेव्हणा माझ्याकडे बघून हसायला लागला. पंचविशीतला, आनंदी पोरगा. "सर, तुमीच हाव का ते? अहो, आमच्या ग्रुपवर लय चालला तुमचा व्हिडिओ! दादा, हे बगा, हेच ते सर. सर, एकदा करून दावा की."

"नाही, ऐका तर. ते वाक्य..."

"आधी करून दावा, मंग वाक्य."

बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी विचार केला, बरं, करू. यादी म्हणू, "माझी बी" म्हणू, आणि लगेच पुढचं वाक्य जोडू. ऐकतील तरी. आयुष्यभर लोकांना बोलण्यानं धरून ठेवलेला माणूस मी, मला वाटलं जमेल. उभा राहिलो. मुठी वळल्या. डोळे फिरवायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण ते सवयीनं फिरले. आल्याची, गेल्याची, शेजाऱ्याची, पाजाऱ्याची. "अन् माझी बी असंल तर—"

मांडव हसण्यानं फुटला. मी पुढचं वाक्य म्हटलं. खरंच म्हटलं. "आवडलं तरच लागते, म्हणून त्या स्वतःचं नाव घेतात!" ओरडून म्हटलं. मेव्हणा डोळे पुसत होता. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "वा सर! लय भारी सांगता तुमी."

तेवढ्या हसण्यात मला लिंबाखालची बाज दिसत होती. मावशी इकडंच बघत होत्या.

नाव ठेवून झाल्यावर सून बाहेर आली. कुणाला न विचारता, बाळ पदराखाली घेऊन, भरभर. तिच्या मागं तिची आई "अगं, अगं" करत. सून बाजेजवळ जाऊन म्हणाली, "घ्या, आत्याबाई. मी न्हाई मानत ते."

मावशींनी हात पुढं केले आणि मागं घेतले. उठल्या आणि लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"त्वांड झाक त्याचं," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, काय करायलाव हे?"

"झाक म्हनले ना. बगत न्हाई मी. नुसता हात लावते."

बुंध्याकडं तोंड करूनच त्यांनी एक हात पाठीमागं नेला. सुनेनं बाळाचा पाय त्या हातात दिला. त्यांनी अंगठा, बोटं, टाच चाचपली. कुंचीची पिशवी दुसऱ्या हातानं तशीच मागं दिली. मग म्हणाल्या, "ने आत."

परतीच्या वाटेवर मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा त्यांनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या, सर. त्यांचं बी चुकलं न्हाई. एवढी वर्षं म्याच म्हनत होते ना, माझी असंल तर म्हणून? असंल बी. त्या दिवशी मांडीवर घेतलं तवा लय आवडलं मला. इतकं काही आवडलं न्हाई आजपोतर."

"मावशी, त्याला जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरला काय म्हाईत, मला किती आवडलं ते?"

याच्यावर विज्ञानात उत्तर नाही. निदान मला सापडलं नाही.

त्यानंतर मावशींनी कुणाची दृष्ट काढली नाही. तसं कुणी बोलवतही नव्हतं. व्हिडिओ आमच्या गल्लीतही पोचला होता. ज्या बायका लेकरं घेऊन धावत यायच्या, त्या आता त्यांच्या दारावरून जाताना लेकराच्या तोंडावर पदर ओढायच्या. मावशींना ते दिसायचं. त्या आपणहून आत सरकायच्या, म्हणजे त्या बाईला पदर ओढायचा त्रास नको. पुढं पुढं दारात तांदूळ निवडायलाही बसेनाशा झाल्या. आमची लेक खाली गेली की तिच्याशी भिंतीकडं बघत गप्पा मारायच्या. लेकीनं एकदा विचारलं, "बाबा, मावशी माझ्यावर रागावल्या का?" मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, पण छान सांगितलं असणार.

टॉवेल, खडू, सगळं मी सोडून दिलं. लोक अजून म्हणतात, सर, ते करा ना.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशींच्या मुलानं माझ्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. खाली दोनच शब्द, 'आईला दाखवा.' मी धावत खाली गेलो. मावशी डाळ पाखडत होत्या. मोबाईल पुढं धरला तर त्यांनी सूप तोंडासमोर आडवं धरलं.

"मावशी, फोटो आहे नुसता."

"फोटोला लागती का न्हाई, कुनाला मालूम? नको. एवढा चांगला झालाय."

"मग मी काय करू याचं?"

सुपाच्या मागून आवाज आला, "तुमी बगा अन् मला सांगा. जसं हाय तसं सांगा. वाढवू नका."

मी समोरच्या पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो. उशीला टेकून बसलाय. दोन दात आलेत, खालचे. अंगात झबलं आहे, एका हातात चमचा आहे. डाव्या गालावर काजळाची तीट, थोडी पसरलीय. केस विरळ आहेत. पोट सुटलंय. कान बापाचे, जरा पुढं आलेले.

"अजून?"

"हसतोय."

"अन् त्वांडावरनं कुनावर गेलाय? आमच्यावर का वालूरच्यावर?"

मी फोटो मोठा केला. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही; त्या दिवशी लागला, आणि तेवढ्यात खरं तेच तोंडातून निघून गेलं.

"डोळे तुमचे आहेत, मावशी. अगदी तुमचे."

सूप हललं. डाळीचे चार दाणे फरशीवर पडले. त्या ते वेचू लागल्या, एक एक, मान खाली घालून.

"हे कुनाला सांगू नका, सर," त्या म्हणाल्या. "वालूरला तर न्हाईच न्हाई."